शेवट आधी सांगा

पनवेलच्या जुन्या बाजारात अरबाजचं चष्म्याचं दुकान आहे. दुकान अरबाजचं, असं पाटी म्हणते. बाकी कारभार त्याच्या बायकोचा, रुमानाचा. आतल्या अंधाऱ्या खोलीत डोळे तपासणं तेवढं तो करतो. बाहेर काउंटरवर फ्रेम काढून दाखवणं, ती नाकावर नीट बसते का बघणं, “ही तुम्हाला शोभत नाही” असं तोंडावर सांगून गिऱ्हाइकाचं तोंड पाडणं आणि मग शोभणारी फ्रेम काढून ते पुन्हा खुलवणं, हे सगळं तिचं. बाई बोलकी. समोरचा माणूस दोन मिनिटं गप्प बसला तर तिला वाटतं, आपल्याच हातून काहीतरी चुकलं.

चाळिशी लागलेल्या माणसांना चष्मा देताना जवळचं वाचून बघायला एक कार्ड हातात देतात. त्यावर लहान लहान होत जाणाऱ्या रटाळ ओळी असतात. त्या वाचून झाल्या की रुमाना हमखास विचारायची, “आता हा चष्मा लावून पहिलं काय वाचणार?” बहुतेक जण म्हणत, मोबाइल. एखादा म्हणे, लाइटबिल. पण अधूनमधून एखादा पन्नाशीचा गृहस्थ उगाच लाजायचा आणि म्हणायचा, “लहानपणी एक पुस्तक वाचलं होतं बघा. ते मिळालं तर वाचीन. नाव आठवत नाही.” आणि मग तो सांगत बसायचा. एकाने तर दीपगृहात राहणाऱ्या मुलाची अख्खी गोष्ट काउंटरला टेकून सांगितली. बाहेर बायको रिक्षात बसून हाका मारत होती आणि त्याला पत्ता नव्हता. रुमाना जिवाचा कान करून ऐकायची. कारण तोच आजार तिलाही होता.

ती सात वर्षांची असताना तिच्या अम्मीने, म्हणजे फरिदाबींनी, तिला आणि तिच्या धाकट्या भावाला एक पुस्तक वाचून दाखवलं होतं. अब्बा तेव्हा कुवेतला होते. पुस्तक वाचनालयातून आणलेलं. खाडीकाठची एक मुलगी, तिची एक लंगडी शेळी आणि गलबत घेऊन दर्यावर गेलेला तिचा बाप. बाप येत नाही. लोक म्हणतात, गलबत बुडालं. आणि शेवटी काय होतं, तर बंदरावर मासळीचा लिलाव चाललेला असतो, त्या गर्दीत दाढी वाढलेला, फाटक्या कपड्यांतला एक माणूस खिशात दमडी नसताना महागड्या घोळ माशावर बोली लावतो, आणि ती मुलगी वळूनसुद्धा न बघता म्हणते, हा माझा बा. हा शेवट आठवला की बेचाळिशीतही रुमानाच्या अंगावर काटा यायचा. पुस्तकाचं नाव मात्र काही केल्या आठवत नव्हतं.

आठेक वर्षांपूर्वी दुकानात माशीसुद्धा फिरकत नव्हती अशा एका दुपारी तिने फेसबुकवर एक ग्रुप काढला आणि त्याचं नाव ठेवलं ‘नाव आठवत नाही’. पहिली पोस्ट तिने स्वतःच टाकली, लंगड्या शेळीसकट. मग चष्म्याच्या डबीत नंबराच्या कार्डासोबत ग्रुपचं नाव लिहिलेली चिठ्ठी सरकवायला सुरुवात केली. चष्मा करंजाडेला गेला, चिठ्ठी करंजाडेला गेली. चष्मा खारघरच्या विसाव्या मजल्यावर गेला, चिठ्ठी तिथेही पोचली. तिथून कुणाच्या बहिणीला, कुणाच्या दुबईतल्या मेव्हण्याला. बघता बघता ग्रुपमध्ये एवढी माणसं झाली, की तेवढी सगळी चष्मे घ्यायला आली असती तर अरबाजने दोन मजले चढवले असते. हे तो स्वतःच म्हणायचा, आणि वर उसासा सोडायचा.

ग्रुपची रीत रुमानाने घालून दिली होती. पुस्तक शोधायला येणाऱ्याने सगळ्यात आधी शेवट सांगायचा. तिचं म्हणणं असं, की माणूस नाव विसरतो, लेखक विसरतो, मुखपृष्ठाचा रंग तर हमखास चुकीचा सांगतो. पण शेवट विसरत नाही. लग्नाला गेलेला माणूस नवरीचं नाव विसरतो, पण शेवटच्या पंगतीला गुलाबजाम संपले होते हे जन्मभर लक्षात ठेवतो, तसं. दुसरी रीत अशी, की ज्याचं पुस्तक सापडेल त्याने ते मिळवून पुन्हा वाचायचं आणि आता कसं वाटलं ते खरं खरं सांगायचं. फुलांचे फोटो आणि सुप्रभात यांना मात्र तिच्या दरबारात थारा नव्हता.

मजा अशी यायची की विचारू नका. एक बाई म्हणाल्या, शेवट आठवत नाही, पुस्तक पिवळं होतं आणि त्याला रॉकेलचा वास यायचा. त्यांना कुणीतरी उत्तर दिलं, ते पुस्तक तुमच्याच घरात स्टोव्हखाली सापडेल. नाशिकच्या आणि कारवारच्या दोन गृहस्थांची गोष्टीतला कुत्रा काळा की ठिपक्यांचा यावरून अशी जुंपली, की दोघांनी एकमेकांचं शिक्षण काढलं. शेवटी कळलं, दोन आवृत्त्यांना दोन चित्रकार होते. एक जण सहा महिने एक कादंबरी शोधत होता आणि वर्णन कादंबरीचं कमी, ती त्याच्याकडून वाचायला घेऊन गेलेल्या कॉलेजातल्या मुलीचं जास्त करत होता. रुमानाने त्याला लिहिलं, “हा ग्रुप पुस्तकं शोधायचा आहे, भाऊ. माणसांसाठी पोलीस आहेत.” त्यावर हजारभर लोक हसले आणि तो भाऊही हसला, हे त्याचं मोठेपण.

पण पुस्तकं सापडत होती. कुणी तरी कुठे तरी बसलेलं असायचं ज्याने ते वाचलेलं असायचं. आणि एकाचं हरवलेलं सापडलं की आणखी दहा जण ते मागवायचे, वाचायचे, त्यावर वाद घालायचे, त्या वादात तिसऱ्याच पुस्तकाचं नाव निघायचं, मग झुंड तिकडे वळायची. काही माणसांनी तर वीस वर्षांनी पहिल्यांदा पुस्तक उघडलं ते इथल्या भांडणात भाग घेता यावा म्हणून. रुमाना हे सगळं काउंटरखाली फोन धरून बघायची आणि मनातल्या मनात फुगायची. एकदा या नादात तिने एका वकिलाचा चष्मा एका भाजीवालीला दिला. भाजीवाली तिसऱ्या दिवशी परत आली आणि म्हणाली, “बाई, याच्यातून सगळी माणसं लबाड दिसतात.” अरबाजने तेव्हा फोन जप्त करण्याची धमकी दिली होती, ती अर्थातच धमकीच राहिली.

एक पुस्तक तेवढं सापडत नव्हतं. रुमानाचं स्वतःचं. दर वर्षी ती ती पोस्ट नव्याने वर काढायची. लोक अंदाज बांधायचे, ती एकच उत्तर द्यायची: शेवट जुळत नाही. घरी अम्मीला विचारावं तर फरिदाबी म्हणायच्या, “मला काय आठवतंय आता. जमाना झाला. ती मेथी निवड आधी.” कधी म्हणायच्या, असं काही पुस्तक नव्हतंच, तुला स्वप्न पडलं असेल. रुमाना चिडायची. घोळ माशाचं स्वप्न सात वर्षांच्या पोरीला कसं पडेल, असं तिचं म्हणणं.

मागच्या वर्षी फरिदाबींच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, मग काही दिवसांनी दुसऱ्याचं. डॉक्टर म्हणाले, लांबचं आता लख्ख दिसेल, जवळच्यासाठी चष्मा लागेल, पण नंबर स्थिरावायला महिना-दीड महिना जाऊ द्या. रुमानाने त्याच दिवशी ठरवलं, अम्मीच्या नव्या चष्म्यातून पहिलं वाचन त्या पुस्तकाचं. जगाला चष्मा देताना आपण विचारतो, पहिलं काय वाचणार. मग जिने आपल्याला वाचायला लावलं, तिच्या हातात आपण लाइटबिल द्यायचं काय? तिने ही गोष्ट ग्रुपवर लिहिली. इतक्या लोकांच्या इतक्या आया आणि आज्या निघाल्या, की दुकान बंद करायची वेळ झाली तरी कमेंटी थांबेनात.

“माझ्यासाठी कशाला लोकांना कामाला लावतेस?” फरिदाबी काळा चष्मा लावून पलंगावर बसल्या होत्या. “मी चष्मा आला की मेथीच्या जुड्या बघून घेईन. भाजीवाली फसवते.”

उरणची निशा ही ग्रुपची दुसरी ॲडमिन. कोळ्यांची मुलगी, बँकेत नोकरीला, वडिलांचा चष्मा करायला आली ती चिठ्ठी घेऊन गेली आणि वर्षभरात रुमानाच्या बरोबरीने भांडणं सोडवू लागली. तिचा या शेवटाच्या नियमावर पहिल्यापासून राग. तिने एका रविवारी दुकानात येऊन तो सरळ काढला.

“रुमाना, तुजा शेवट कुनालाच ठाऊक नाय,” ती म्हणाली. “मग तो घटकाभर बाजूला ठेव ना.”

“शेवटच तर खरा आहे त्यातला. बाकी शेळ्या काय, सगळ्याच पुस्तकांत असतात.”

“लंगड्या नसतात. आनि मी सांगू? मी जुन्या पोस्टी चाळून बघितल्या. लोकांची पुस्तकं शेवटामुले नाय सापडली, शेवट चुकीचा असताना सापडली. मानसाला शेवट त्याला पायजे तसा लक्षात रायतो.”

रुमानाला हे पटलं नाही. पटलं नाही म्हणजे, तिने तिसऱ्यांदा काच पुसली, यावरून जे काय समजायचं ते समजावं. निशाने तिच्याकडे लक्ष न देता पोस्ट नव्याने लिहिली: खाडी, मुलगी, लंगडी शेळी, गलबतावरचा बाप. शेवट गाळून टाकला. चहा येईपर्यंत सोलापूरच्या एका बाईंनी उत्तर दिलं, ‘गलबतवाल्याची पोर’. पाठोपाठ रत्नागिरीहून तेच नाव. मग दापोलीहून. कप रिकामे होईस्तोवर नाव पक्कं झालं होतं. आठ वर्षं जे दार ढकलून उघडत नव्हतं ते आपल्याकडे ओढायचं होतं, असा सगळा प्रकार.

पुस्तक मात्र कुणाकडेच नव्हतं. वाचलं होतं, आता नाही, असं जो तो म्हणत होता. निशाने ते नाव ग्रुपच्या जुन्या पोस्टींत शोधलं आणि तिच्या भुवया वर गेल्या. तिने फोन रुमानापुढे धरला. रुमानाच्या पहिल्याच पोस्टखाली, ग्रुप सुरू झाल्याच्या पहिल्याच महिन्यात, आपट्याच्या उदयसिंह नावाच्या गृहस्थांनी लिहिलं होतं: “‘गलबतवाल्याची पोर’. माझ्याकडे प्रत आहे. फक्त शेवटी बाप परत येत नाही.” आणि त्याखाली रुमानाचं उत्तर: “शेवट जुळत नाही. काका, नीट वाचून कमेंट करत जा.” त्याच दिवशी उदयसिंहकाकांनी ग्रुप सोडला होता.

“वा,” निशा म्हणाली. “हे काम झाक केलंस.”

रुमानाचा चेहरा पडला. तरीही पडले तरी नाक वर, या न्यायाने ती म्हणाली, “दुसरी आवृत्ती असेल. तिच्यात शेवट वेगळा असेल. कुत्र्याचं नव्हतं का तसं झालं?” निशा काकांचा आपट्यातला पत्ता शोधायला लागली.

दुसऱ्या दिवशी अरबाजच्या ताब्यात काउंटर देऊन आणि कुठल्या गिऱ्हाइकाला काय बोलायचं नाही हे बजावून रुमाना स्कूटरवरून आपट्याला गेली. नदीजवळचं घर, अंगणात तुळस, ओटीवर पुस्तकांनी भरलेलं कपाट आणि कपाटासमोर खुर्ची टाकून बसलेले उदयसिंहकाका. काकांनी सारी नोकरी विमा कंपनीत लोकांचे दावे तपासण्यात घालवलेली. समोर येणारा माणूस खोटं बोलतोय, असं धरूनच ते सुरुवात करत.

“मी ‘नाव आठवत नाही’ची रुमाना,” ती म्हणाली.

“मला आठवतं,” काका म्हणाले.

त्यांनी बसायला सांगितलं, पाणी दिलं, आणि बराच वेळ पाताळगंगेच्या पाण्याची पातळी या विषयावर बोलत राहिले. रुमाना ऐकत राहिली. तिच्या आयुष्यात एवढा वेळ गप्प राहायची ही पहिलीच वेळ असावी. शेवटी त्यांनी कपाटातून पुस्तक काढलं. शेळी मुखपृष्ठावरच होती, पुढचा एक पाय आखूड. रुमानाने त्या पायावरून बोट फिरवलं.

“शेवटचं पान वाचा. आधी,” काका म्हणाले. “तुमचाच नियम आहे.”

तिने वाचलं. गलबत परत येतं. गलबत चालवणारा तांडेल मुलीच्या हातात तिच्या बापाची टोपी ठेवतो. मुलगी शेळीला घेऊन धक्क्यावरून घरी जाते आणि रोजच्यासारखा दिवा लावते. संपलं. लिलाव नाही, घोळ नाही, बोली नाही. तिने पान उलटून पाहिलं. मागे कोरा कागद होता. छपाईचं साल पाहिलं, आवृत्ती पाहिली.

“याची एकच आवृत्ती निघाली,” काका म्हणाले. त्यांचा आवाज आता जरा मऊ झाला होता. “तुमचा तो लिलावाचा शेवट मी विसरलो नाही हो. त्या दिवशी राग आला म्हणून ग्रुप सोडला, पण शेवट चांगला होता. कुणी सांगितला तुम्हाला?”

रुमानाने पुस्तक मिटलं. कुणी सांगितला, ते तिला आता नीटच कळलं होतं.

काका पुस्तक द्यायला तयार झाले. अट एवढीच, की त्यांना दिलेलं ते जुनं उत्तर खोडायचं नाही, तसंच ठेवायचं, आणि त्याखाली ‘चूक माझी’ असं लिहायचं, आत्ता, त्यांच्यासमोर. रुमानाने फोन काढला. ओटीवर रेंज नव्हती. मग काकांनी पायात चपला सरकवल्या, काठी घेतली आणि दोघं पुलापर्यंत चालत गेली. पुलाच्या मध्यावर रेंज आली. तिने लिहिलं. काकांनी फोन हातात घेऊन, चष्मा कपाळावर चढवून, दावा तपासावा तसं ते वाचलं आणि म्हणाले, “‘माफ करा’ लिहिलं नाहीत तरी चालेल. पण मला परत घ्या त्यात. सध्या रिकामाच असतो.” रुमाना अशी हसली की पुलावरून जाणारा सायकलवाला थांबून बघायला लागला.

घरी पोचली तेव्हा दुपार कलत होती. मुनाफभाई, म्हणजे तिचे अब्बा, गॅलरीत आरामखुर्चीत पेपर तोंडावर घेऊन पडले होते. फरिदाबी पलंगावर. रुमानाने पुस्तक त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांना जवळचं अजून धूसर दिसत होतं. त्यांनी ते लांब धरलं, हात ताणून, आणि बराच वेळ बघितलं.

“शेवट वाचलास?” त्यांनी विचारलं.

“वाचला.”

फरिदाबींनी पुस्तक उशीवर ठेवलं. मेथीचं नाव काढलं नाही.

“ते कुवेतचं साल,” त्या म्हणाल्या. “तिथे लढाई लागली. ना फोन, ना खत-चिठ्ठी. मोहल्ल्यात रोज कुणी तरी नवीन बातमी आणायचं, आणि एकही चांगली नाही. तुम्हाला दोघांना गुंतवून ठेवायला मी ती किताब आणली. रोज मगरिबच्या नमाजानंतर थोडी वाचायची. एके दुपारी तुम्ही शाळेत असताना मी पुढचं वाचून घेतलं. संपवलं. मग किताब पिठाच्या डब्यामागे टाकली.”

“मग?”

“संध्याकाळी तू म्हणालीस, अम्मी, आज संपव. मी काय वाचणार होते? टोपी?” त्यांनी उशीवरचं पुस्तक पालथं केलं. “मी पान उघडून धरलं आणि तोंडाला येईल ते बोलले. सकाळी बाजारात एकीने घोळ आणली होती, या एवढी. परवडली नाही. तीच डोक्यात होती.”

काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो हा. गेली आठ वर्षं रुमानाने अमेरिकेपासून आपट्यापर्यंत माणसं कामाला लावली होती, आणि लेखिका घरात मेथी निवडत होती. रुमानाला हसू आलं, आणि त्या हसण्यातच डोळे भरून आले, आणि मग तिने दोन्ही आवरायचा नाद सोडला.

“सांगितलं का नाहीस पण?”

“आधी भीती वाटली. तुझे अब्बा आले ना, लढाईतून निसटून अम्मान शहरात, तिथून विमानाने. दारात उभे, दाढी वाढलेली, अंगावर कुणाचा तरी कोट. हुबेहूब मी सांगितलेला अवतार. मला वाटलं, मी त्या दिवशी खरं वाचलं असतं तर? वेडेपणा आहे, मला कळतं. पण तो शेवट या घरात मोठ्याने कुणी वाचू नये, असं मनात बसलं ते बसलं. मग तू ग्रुप काढलास. लोकांची पुस्तकं सापडायला लागली, तू खूश. तुझं सापडलं तर तू सगळं बंद करशील की काय, असंही वाटलं.”

“अम्मी, मी कशाला बंद करीन?”

“मला काय माहीत. मी फेसबुकवर नाही.”

गॅलरीतला पेपर कधीच खाली आला होता. मुनाफभाई दारात उभे होते. बोलायला मोकळा माणूस, पण आता शब्द जुळवत होता.

“मी आलो तेव्हा तू फक्त म्हणालीस, आंघोळीला पाणी काढते,” ते म्हणाले. “रडली नाहीस, काही नाही. इतकी वर्षं मी समजून चाललो, हिला काही फिकीर नव्हती. म्हणजे तू माझी वाट बघत होतीस?”

“तुमची कशाला. घोळीची,” फरिदाबी म्हणाल्या आणि काळा चष्मा नीट करण्याच्या निमित्ताने तोंड फिरवलं.

इथवर गोड झालं. पण पुस्तक वाचायला त्या काही तयार होईनात. “माझा शेवट तुला हवा होता, तो मिळाला. आता हे परत देऊन ये,” असं त्यांनी सांगून टाकलं. रुमानाने मनधरणी केली, अरबाजने केली, भावाने परदेशातून फोन करून केली. फरिदाबी ढिम्म. चष्मा लावून पहिलं वाचन करायचा रुमानाचा बेत जागच्या जागी बसला, आणि उदयसिंहकाकांचा तर एक दिवसाआड निरोप यायला लागला, पान दुमडू नका म्हणून.

ग्रुपवर लिहायची परवानगी तेवढी मिळाली, नाव न घालण्याच्या अटीवर. रुमानाने सगळं लिहिलं. नियम मोडीत काढला आणि नवा केला: शेवट शेवटी सांगा, आणि तो तुम्हाला कुणी सांगितला होता, तेही सांगा. त्यानंतर जे सुरू झालं त्याची तिने कल्पनाही केली नव्हती. कुणाच्या काकाने गोष्ट सांगताना राक्षसाला माफ केलं होतं. कुणाच्या शाळेतल्या बाईंनी, ऐकणारा मुलगा वर्गात दुसरा आला होता म्हणून, गोष्टीतल्या राजपुत्रालाही पहिला येऊ दिलं नव्हतं. निशाने लिहिलं, की तिच्या बापाने गोष्टीतली प्रत्येक बुडालेली होडी काठाला आणून लावली होती, आणि ही गोष्ट तिला ते लिहितानाच पहिल्यांदा कळली. लोक पुस्तकं शोधायला आले होते आणि आपापली माणसं घेऊन घरी जात होते. फरिदाबी रोज रात्रीच्या जेवणाआधी विचारायच्या, “आज काय म्हणतात?” आणि रुमाना वाचून दाखवायची. चौथ्या दिवशी त्या म्हणाल्या, “नाव घातलंस तरी चालेल.”

मग चष्म्याचा दिवस आला. अरबाजने स्वतः काच घासून, बसवून, मखमली डबीतून आणला, जणू सून बघायला चाललाय. फरिदाबींनी तो लावला. कार्डावरच्या ओळी वाचल्या, अगदी खालच्या बारीक ओळीपर्यंत. रुमानाने इतकी वर्षं जगाला विचारलेला प्रश्न आज तिच्या तोंडून फुटेना.

फरिदाबींनीच हात पुढे केला. “दे ते.”

आणि मग म्हणाल्या, “त्यांना बोलवा आत. इथे, समोर बसा. मी सांगेपर्यंत उठायचं नाही.”

मुनाफभाई येऊन पलंगासमोरच्या खुर्चीत बसले. हातात बशी, बशीत नानखटाई. फरिदाबींनी पुस्तक मागून उघडलं आणि शेवटचं प्रकरण मोठ्याने वाचायला लागल्या. आवाज सुरुवातीला जरा खरखरला, मग लागला. तोच आवाज होता, रुमानाने सात वर्षांची असताना ऐकलेला, प्रत्येक स्वल्पविरामाला थांबणारा. गलबत धक्क्याला लागलं. त्या थांबल्या आणि चष्म्यावरून समोर बघितलं. लांबचं त्यांना आता लख्ख दिसत होतं. मुनाफभाई नानखटाई खात होते. त्यांनी पुढची ओळ वाचली. पुन्हा वर बघितलं. तांडेलाने बापाची टोपी काढून मुलीच्या हातात ठेवली. पुन्हा वर. प्रत्येक ओळीनंतर त्या वर बघत होत्या, आणि मुनाफभाई प्रत्येक वेळी समोर होते. त्यांच्याही ध्यानात आलं असावं, कारण खाणं सोडून ते पाठ सरळ करून बसले होते, फोटो काढताना बसतात तसे.

मुलीने दिवा लावला. पुस्तक संपलं.

फरिदाबींनी चष्मा काढला, पदराने डोळे पुसले आणि पुस्तक मिटून रुमानाच्या हातात दिलं.

“एवढी मोठी किताब लिहिली,” त्या म्हणाल्या, “आणि एक माणूस घरी आणता आला नाही त्याला.”